लेसरने केस काढणे : यंत्र घेण्यापूर्वी एवढे जाणून घ्या

भूगाव, बावधन, पिरंगुट, हिंजवडी हा मुळशी तालुक्याचा पुण्याला लागून असलेला पट्टा गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढला. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, वसाहती उभ्या राहिल्या, त्यामागोमाग ब्यूटी पार्लरही आली. घरातल्या एका खोलीत हा धंदा सुरू करून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनी अनेक आहेत. थ्रेडिंग-वॅक्सिंगसाठी येणारे गिऱ्हाईक आता "लेसर करता का?" असेही विचारते. मग कर्ज काढून यंत्र आणावे काय? यंत्र काम कसे करते हे समजल्याशिवाय याचे उत्तर देऊ नये.

दुपारच्या उन्हात डांबरी रस्ता तापतो, शेजारची चुन्याची भिंत तेवढी तापत नाही. काळा रंग प्रकाश शोषतो व त्याची उष्णता करतो. लेसरचे काम याच तत्त्वावर चालते. केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य प्रकाश शोषते, केस तापतो आणि ती उष्णता मुळाशी जाऊन केस उगवणाऱ्या पेशी निकामी करते. प्रकाशाचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच सोडायचा, म्हणजे मूळ भाजते पण आजूबाजूची त्वचा वाचते, हा सिद्धांत अमेरिकेतील डॉ. अँडरसन व डॉ. पॅरिश यांनी १९८३ साली मांडला.

अडचण पुढेच आहे. हेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही असते आणि यंत्राला केस व कातडी यांतला फरक कळत नाही! गोऱ्या युरोपीय त्वचेवर जे सहज जमते, ते आपल्याकडे बेताने करावे लागते. प्रकाशाची लहर जितकी लांब, तितकी वरच्या कातडीत ती कमी शोषली जाते. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर सर्वांत सुरक्षित मानतात. ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड लेसरही चालतो, मात्र वरची त्वचा थंड ठेवण्याची सोय व जाणता हात हवा. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट हा मुख्यतः उजळ त्वचेसाठी.

स्वस्तात मिळते म्हणून पुष्कळदा आय.पी.एल. यंत्र गळ्यात मारले जाते. हा लेसर नव्हेच. हा झेनॉन दिव्याचा झगझगीत प्रकाश असतो व त्यात अनेक लहरींची सरमिसळ असते. नको त्या लहरी फिल्टर लावून अडवतात. फिल्टर किंवा जोर चुकला तर फोड येतात, काळे-पांढरे डाग पडतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. डाग नवरीच्या चेहऱ्यावर पडला तर पार्लरचे नाव गावभर होते, ते वेगळेच.

उन्हाचाही विचार करावा. आंबेमोहोराची लावणी किंवा कापणी करून रापलेल्या हातांवर झोत मारला तर भाजण्याचा धोका वाढतो. रापलेपणा ओसरेपर्यंत थांबावे. मुरुमांवरच्या काही गोळ्यांनीही त्वचा प्रकाशाला हळवी होते, तेव्हा औषधे आधी विचारावीत.

एका बैठकीत काम होत नाही, कारण झोताचा परिणाम वाढीच्या अवस्थेतल्या केसावरच नीट होतो. डोक्याचे दहापैकी आठ-नऊ केस या अवस्थेत असतात, पण हातापायांच्या केसांत हे प्रमाण बरेच कमी. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. लग्नाला महिना उरला असताना येणाऱ्या मुलीला पैसे न घेता परत पाठवावे. बैठकीपूर्वी दाढीप्रमाणे केस कापलेले चालतात, वॅक्सिंग चालत नाही. मूळच उपटले तर झोत तापवणार काय? पिकल्या केसांवर तर याचा उपयोगच होत नाही.

फलकावर "कायमचे केस बंद" असे लिहू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेला शब्द "कायमची घट" एवढाच आहे. केस विरळ व बारीक होतात, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा एखादी बैठक लागते. हनुवटीवर राठ केस व पाळी अनियमित, अशी मुलगी आली तर तिला आधी डॉक्टरकडे धाडावे. दोष हार्मोन्सचा असेल तर नवे केस येतच राहतात.

जुने यंत्र घेताना हँडपीसचे किती शॉट झाले आहेत ते मीटरवर पाहावे. दिवा वा डायोड ठरावीक शॉटनंतर मंदावतो व तो बदलण्याचा खर्च मोठा असतो. चालवणाऱ्याला व गिऱ्हाइकाला त्या लहरीचा चष्मा हवाच, कारण डोळ्याच्या पडद्यातही मेलॅनिन असते. भुवयांखाली झोत मारू नये. स्त्री गिऱ्हाइकांसाठी चालवणारी स्त्रीच असावी व खोली बंद असावी, नाहीतर पुष्कळ भगिनी येणारच नाहीत.

स्वतंत्र यंत्र परवडत नसेल तर एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाशी बोलणी करून आठवड्यातला एक दिवस त्यांच्या देखरेखीखाली ठेवावा आणि गिऱ्हाईक तिकडे न्यावे. यात नफा कमी, पण कर्जाचा हप्ता नाही आणि त्वचा भाजली तर इलाज करणारा माणूस समोरच असतो.