टेपवरील चित्र आणि संगणकाला द्यावयाच्या आज्ञा

वाराणसीसमोर, गंगेच्या दुसऱ्या काठावर, रामनगर वसलेले आहे. तेथील रामलीला सुमारे महिनाभर चालते आणि तिचे प्रसंग विजेच्या झगमगाटाऐवजी मशाली व पेट्रोमॅक्स यांच्या उजेडात सादर होतात. समजा, अशाच उजेडातील एखादा प्रसंग १९८० नंतरच्या दशकात कोणी व्हीएचएस टेपवर टिपून ठेवला आहे. आज तो जतन करावयाचा, तर टेपवरील चित्र संगणकात उतरवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. दमट हवेत टेपला बुरशी येते, तिच्यावरील चुंबकीय थर सुटू लागतो. शिवाय टेप वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबविले. जीर्ण टेप कित्येकदा एकदाच नीट चालते. म्हणून ती चालू करण्यापूर्वी चित्र घेणारे उपकरण अचूक लावून ठेवणे अगत्याचे असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे उपकरण स्वतः फारसे काही जाणत नाही. तारेतून येणाऱ्या विद्युत्‌-लहरींचे ते आकड्यांत रूपांतर करते, एवढेच. त्या लहरी कोणत्या खाचेतून येतात आणि कोणत्या पद्धतीने रचलेल्या आहेत, हे बहुधा माणसालाच सांगावे लागते. लिनक्स या संगणक-प्रणालीत हे सांगण्याची सोय 'व्हिडिओ फॉर लिनक्स' या योजनेने केली आहे. तिची दुसरी आवृत्ती २००२ साली प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या योजनेत प्रत्येक उपकरण 'व्हिडिओ ०', 'व्हिडिओ १' अशा नावांच्या फाईलींच्या रूपाने समोर येते. 'व्हीफोरएलटू-सीटीएल' नावाच्या छोट्या साधनाला कळफलकावरून एका ओळीत आज्ञा लिहून दिली, की ते ती उपकरणापर्यंत पोहोचविते.

आज्ञांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जोडलेल्या उपकरणांची यादी मागवावी. अंगचा कॅमेरा असलेल्या संगणकात 'व्हिडिओ ०' हा बहुधा तोच असतो, आणि चुकून त्याचीच निवड झाली तर पडद्यावर रामलीलेऐवजी आपलाच चेहरा दिसेल! त्यानंतर प्रवेशमार्ग निवडावा. एकाच उपकरणाला पिवळ्या टोकाच्या साध्या तारेसाठी एक आणि एस-व्हिडिओसाठी दुसरी अशा दोन खाचा असू शकतात. तार एकीत आणि आज्ञा दुसरीची, असे झाले तर पडदा काळा राहतो.

तिसरी पायरी दूरचित्र-पद्धतीची. भारतात 'पाल' पद्धत रूढ झाली. तीत दर सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे असते. त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या असतात. अमेरिकेतील 'एनटीएससी' पद्धतीत रेषा ५२५ आणि चित्रे सेकंदाला सुमारे ३० असतात. परदेशी पाहुण्याने काशीत चित्रित केलेली टेप या दुसऱ्या पद्धतीचीही असू शकते. पद्धत चुकली, की चित्र वरखाली सरकते, त्याचे रंग उडतात किंवा काही रेषा गळून पडतात. पद्धत बदलली, की उपकरण चित्राचा आकारही बदलू शकते. यासाठी आकाराची आज्ञा त्यानंतरच द्यावी. 'पाल'साठी ती सामान्यतः ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असते. चित्र घेणे सुरू असताना पद्धत बदलू पाहिल्यास उपकरण 'व्यस्त' असल्याचे कळवून नकार देते.

शेवटी उजळपणा, गडद-फिक्यातील अंतर आणि रंगांची गडदता. मशालीच्या उजेडातील दृश्य अंधारलेले वाटते, आणि ते उजळ करण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु आकड्यांना कमाल मर्यादा असते. उजळपणा फार वाढविला, तर ज्योतीभोवतीच्या सर्व छटा त्या मर्यादेला जाऊन एकसारख्या पांढऱ्या होतात, आणि नाहीशा झालेल्या छटा पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. उलट, किंचित गडद घेतलेले चित्र नंतर उजळता येते. म्हणून टेपचा एखादा कमी महत्त्वाचा भाग आधी चालवून हे आकडे ठरवावेत.

दिलेली मांडणी ते साधन बंद झाल्यावरही उपकरणात सामान्यतः टिकून राहते. मात्र उपकरण काढून पुन्हा जोडले, की सारे मूळपदावर येते. तेव्हा सर्व आज्ञा योग्य क्रमाने एका फाईलीत लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक टेपपूर्वी तीच फाईल चालवावी. याचा लाभ दुहेरी आहे. शंभर टेपांचे काम एकाच मापाने होते. आणि हे चित्र कोणत्या मार्गाने, कोणत्या आकड्यांवर उतरविले, याची नोंदही मागे राहते. मूळ टेप नष्ट झाल्यावर पुढच्या अभ्यासकापुढे प्रश्न उभा राहील, की चित्रातला हा अंधार त्या रात्रीचा की उपकरणाचा? त्याचे उत्तर या चार-पाच ओळींतच सापडेल.