वैमानिकाची ‘रात्र’ : एका पारिभाषिक शब्दाचा विचार

व्यवहारात ‘रात्र’ ह्या शब्दाची सीमा कोणी घड्याळावर आखून दाखवीत नाही. वैमानिकांच्या सेवानियमांत मात्र ती आखावीच लागते. कारण त्यांचे श्रम, विश्रांती आणि वेतन अशाच व्याख्यांवर अवलंबून असतात.

प्रथम ‘उड्डाणकाल’ व ‘सेवाकाल’ ह्यांतील भेद पाहू. विमान उड्डाणासाठी हलू लागल्यापासून उतरून थांबेपर्यंतचा काळ तो उड्डाणकाल. सेवाकाल वैमानिक कामावर हजर होताच सुरू होतो. अनेक विमानकंपन्यांत वेतनाचा मोठा भाग उड्डाणकालावर मोजला जातो. त्यामुळे विमानतळावर खोळंबून काढलेले तास थकवा वाढवितात, पण त्या प्रमाणात वेतन वाढवीत नाहीत.

आता ‘रात्र’. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नियम सुधारले, तेव्हा मध्यरात्रीपासून पाचपर्यंत असलेली ‘रात्र’ सहापर्यंत वाढविण्यात आली. रात्रपाळीतील विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली आणि साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची झाली. साहजिकच तेवढ्याच उड्डाणांस अधिक वैमानिक लागू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, त्यामागे ही तरतूद अपुरी पडणे हे एक प्रमुख कारण होते. महासंचालनालयास काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली.

व्याख्येतील एका तासाचे वजन हे असे असते. परिभाषा घडविणाऱ्याने पहाटे विमान उतरविणाऱ्याच्या डोळ्यांवरील झोप ध्यानी ठेवूनच शब्दाची सीमा आखावी.