दगडातले पान

दगडी कोळसा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. विटांच्या भट्टीत तो जळतो. चंद्रपूरजवळचे मोठे वीजघर त्यावरच चालते. नाव दगडी कोळसा, पण तो मूळचा दगड नव्हे. एके काळी ते हिरवे रान होते.

हे कशावरून म्हणायचे? कोणी पाहायला गेले होते काय? नाही. पण त्या रानाने आपली खूण मागे ठेवली आहे. ती कशी ओळखावी आणि कशी जपावी, ते आता पाहू.

रान दगडात कसे गेले

ही गोष्ट सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा माणूस नव्हता. गाय-बैल नव्हते, पाखरे नव्हती. गवतसुद्धा उगवले नव्हते. आज जिथे वर्धा नदीचे खोरे आहे, तिथे दलदल होती आणि तिच्या काठाने दाट झाडी होती.

पानगळ झाली की पाने पाण्यात पडत. एरवी पान कुजते आणि त्याची माती होते. पण दलदलीच्या तळाशी हवा पोचत नाही. म्हणून तो पाला पुरता कुजला नाही. थरावर थर बसले. नद्यांनी वर गाळ आणून टाकला. जमीन खचत गेली, गाळ चढत गेला. वरचा भार आणि जमिनीच्या पोटातली उष्णता, या दोहोंनी पाल्याचा कोळसा झाला आणि चिखलाचा दगड झाला.

कोळशात पाने इतकी चेपली जातात की एकेक पान ओळखू येत नाही. पण कोळशाच्या वर-खाली राखाडी, पापुद्र्यांचा दगड असतो. त्यात सुटे पान जसेच्या तसे उमटलेले सापडते. याला जीवाश्म म्हणतात. जीव म्हणजे प्राण, अश्म म्हणजे दगड.

पान ओळखावे कसे

पानाच्या शिरा नीट पाहाव्या. पान जिभेसारखे लांबट आहे, मधोमध ठसठशीत शीर आहे आणि दोन्ही अंगांना बारीक शिरांची जाळी आहे, तर ते बहुतेक ग्लोसोप्टेरिसचे पान. हे नाव 1828 साली ब्रॉन्यार या फ्रेंच पंडिताने दिले. ग्रीक भाषेत ग्लोसा म्हणजे जीभ.

जाळी आहे, पण मधली शीर ठळक नाही, तर ते गंगामोप्टेरिस असू शकते. बोरूसारखी पेरे असलेली काडी दिसली, तर ती दलदलीतल्या दुसऱ्या एका वनस्पतीची. पाठीच्या मणक्यांसारखी ओळ दिसली, तर ते ग्लोसोप्टेरिसचे मूळ.

एक मात्र ध्यानात ठेवा. दगडावर कधी कधी नाजूक काळी झुडपे काढल्यासारखी दिसतात. ती झाडे नव्हेत. दगडाच्या फटीत पाणी झिरपते, त्यातल्या खनिजाची ती नक्षी असते. तिच्यात पानासारख्या शिरा नसतात.

एका पानाची साक्ष

हेच जिभेसारखे पान आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडते. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातही सापडले आहे. 1912 साली इंग्रज कप्तान स्कॉट आणि त्यांचे सोबती ध्रुवावरून परत येत होते. वाटेत त्यांनी दगड गोळा केले. पुढे अन्न संपत आले, थंडीने हातपाय निकामी झाले. तरी सुमारे 16 किलो दगडांचे ओझे त्यांनी टाकले नाही. शेवटी ते तंबूतच मरण पावले. काही महिन्यांनी शोध लागला, तेव्हा दगड त्यांच्याजवळच होते. ते कुठले, हे सोबती डॉक्टर विल्सन यांच्या रोजनिशीवरून कळले. दगडांत ग्लोसोप्टेरिसची पाने निघाली.

या झाडाचे बी समुद्र ओलांडून इतक्या दूर जाणे कठीण. मग ते सगळीकडे पोचले कसे? कारण तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना जोडलेले होते. पुढे ते सावकाश दूर सरकले. आपला मुलूख तेव्हा दक्षिणेला, थंड भागात होता. आज चंद्रपूरचे ऊन अंग भाजते, हे आठवले म्हणजे नवल वाटते.

त्या जुन्या अखंड भूमीला जगभर गोंडवन म्हणतात. गोंड लोकांच्या मुलखावरून ते नाव पडले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

गोळा करताना

खाणीत परवानगीवाचून जाऊ नये. उभ्या कड्याखाली किंवा टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर तर मुळीच जाऊ नये. ढिगारा घसरतो, माणूस गाडला जातो. एका पानापायी जीव घालवू नये.

परवानगीने दगड मिळाला, तर छिन्नी पापुद्र्याच्या रेषेवर ठेवून हातोडीने हलकेच ठोकावी. दगड पुस्तकासारखा उघडतो. दोन्ही तुकडे जपावे. एकावर पान असते, दुसऱ्यावर त्याचा ठसा. पाण्याने धुऊ नये, पानाची काळी साय निघून जाते. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि कागदात गुंडाळावे.

आता सर्वांत मोठे काम. दगडावर आकडा घालावा आणि तोच आकडा वहीत लिहून पुढे मजकूर लिहावा: गाव कोणते, नाला की खाण, कोळशाच्या वरचा थर की खालचा, तारीख कोणती. पान कितीही सुंदर असो, ते कुठले हे ठाऊक नसेल तर अभ्यासाला त्याचा फार थोडा उपयोग. ठिकाण लिहिलेला फुटका तुकडाही पंडितांना मोलाचा वाटतो. लखनौला बिरबल साहनी यांच्या नावाची संस्था आहे. तिथे अशाच जुन्या वनस्पतींचा अभ्यास चालतो. जवळच्या कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे शिक्षकही दगड पाहून माहिती सांगतील.

खाणीतून रोज ढिगांनी दगड निघतो आणि त्यातली पाने चुरा होऊन जातात. एखादे तुमच्या हाती लागेल. तुम्हाला आता लिहिता येते. दगड घरी नेण्याआधी तिथेच बसून त्याच्या गावाचे नाव लिहा.