यीस्टची पेशी आणि मूलभूत संशोधनाचे अर्थकारण

पाव फुगविण्यासाठी वापरले जाणारे यीस्ट हा अत्यंत साधा एकपेशीय जीव होय. तथापि त्याच्या पेशीची अंतर्गत रचना मानवी पेशीशी मूलतः मिळतीजुळती असल्याने जनुकशास्त्रात त्यास असाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. १९९६ साली त्याच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाले व त्यात सुमारे ६ हजार जनुके आढळली. या सामान्य जीवाच्या अभ्यासात आयुष्य वेचणारे जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची वाटचाल विज्ञानविषयक धोरण आखणाऱ्यांनाही बोधप्रद आहे.

उशिरा लाभलेले स्वातंत्र्य

१९४५ साली फुकुओका येथे जन्मलेल्या ओसुमी यांनी टोकियो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात संशोधन केले व तेथेच ते यीस्टकडे वळले. स्वतःची प्रयोगशाळा त्यांना १९८८ साली, म्हणजे वयाच्या ४३व्या वर्षी मिळाली. यीस्टच्या पेशीतील रिक्तिका हा त्यांचा विषय होता. पेशीतील कचऱ्याचे कोठार, अशीच तिची त्या काळी समजूत असल्याने या विषयात फारशी स्पर्धा नव्हती.

सूक्ष्मदर्शकातून जनुकांकडे

अन्नाचा तुटवडा पडल्यावर पेशी स्वतःचेच घटक पचवून तग धरते काय, हा ओसुमी यांच्यापुढील प्रश्न होता. यीस्टमध्ये ही क्रिया दिसणे कठीण होते, कारण रिक्तिकेत शिरलेले घटक विकरांमुळे त्वरित नष्ट होतात. म्हणून त्यांनी पचन घडविणाऱ्या विकरांचा अभाव असलेले यीस्ट घेतले व त्याची उपासमार केली. काही तासांतच रिक्तिका लहान गोलकांनी भरून गेल्याचे साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून दिसले. 'स्वभक्षण' या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया यीस्टमध्ये प्रत्यक्ष पाहता आली, हे या प्रयोगाचे यश होय.

पुढे हजारो उत्परिवर्तित वाणांची तपासणी करून, ज्यांत हे गोलक जमत नाहीत असे वाण निवडण्यात आले. त्यातून या क्रियेस आवश्यक अशा १५ जनुकांचा शोध लागला व १९९३ साली तो प्रसिद्ध झाला. समान जनुके मानवी पेशीतही असल्याचे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होऊ लागले. २००० नंतर या क्रियेतील एका प्रथिनास प्रकाशमान हिरवे प्रथिन जोडून जिवंत पेशीत स्वभक्षण पाहण्याची पद्धती रूढ झाली. क्रिया सुरू होताच पेशीत हिरवे ठिपके उमटतात. म्हणजेच प्रकाश हाच जैविक संवेदक ठरतो. कर्करोग व मज्जासंस्थेचे विकार यांच्या अभ्यासात आज ही पद्धती उपयोगी पडत आहे.

अर्थशास्त्रीय बोध

केनेथ ॲरो यांनी १९६२ साली दाखविल्याप्रमाणे ज्ञानाचा संपूर्ण लाभ त्याच्या निर्मात्यास मिळत नाही; म्हणून खाजगी क्षेत्र मूलभूत संशोधनात समाजाच्या गरजेपेक्षा कमी गुंतवणूक करते. १९८८ साली रिक्तिकेच्या अभ्यासातून नफ्याचा अंदाज बांधणे कोणत्याही कंपनीस अशक्य होते. सार्वजनिक निधीचे समर्थन येथेच आहे.

भारतात २०२०-२१ साली संशोधन व विकासावरील खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के होता. जपानमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक आहे. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची कल्पना मांडण्यात आली. त्यातील मोठा वाटा शासनेतर स्रोतांकडून अपेक्षित आहे. हा निधी केवळ तात्काळ उपयोगाच्या प्रकल्पांकडे वळल्यास ओसुमींसारख्या संशोधकास स्थान उरणार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब आवश्यकच आहे. परंतु कोणता प्रयोग फळास येईल हे आगाऊ सांगता येत नसल्याने, अनेक संशोधकांना माफक पण सातत्यपूर्ण साहाय्य देणे अधिक श्रेयस्कर ठरते. पारितोषिकानंतर स्वतः ओसुमी यांनीही मूलभूत संशोधनाच्या घटत्या पाठबळाविषयी चिंता व्यक्त केली आणि २०१७ साली त्यांच्या नावाने अशा संशोधनास साहाय्य करणारे प्रतिष्ठान स्थापन झाले. समृद्ध जपानलाही जी चिंता भेडसावते, तिची दखल भारताने वेळीच घेणे हिताचे ठरेल.