काळी माती काळीच दिसू द्या

दिवाळी उलटली की वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीच्या वावरात उजेडाची दोन टोके एकाच चौकटीत येतात. खाली बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती, तिच्यावर फुटलेल्या बोंडांचा पांढराशुभ्र कापूस. माणसाच्या डोळ्याला याची अडचण होत नाही. नजर मातीवरून कापसाकडे वळते तशी बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू दोन्ही नीट जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकाच मापाने प्रकाश घ्यावा लागतो. शिवाय त्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. चौकटीचा मोठा भाग काळ्या मातीने भरला, की उजेड कमी आहे अशी त्याची समजूत होते आणि तो गरजेपेक्षा जास्त प्रकाश आत घेतो. मग माती राखाडी होते आणि बोंडांतले तंतू पुसले जाऊन नुसते पांढरे ठिपके उरतात. फोटोवर कोणी बोटही फिरवलेले नसते, तरी तो त्या वावरापासून दूर गेलेला असतो. म्हणून निसर्गाचे फोटो संपादित करावेत, अगदी आग्रहाने करावेत, असे माझे मत आहे. मात्र संपादन चांगले झाले की नाही हे फोटो किती झगझगीत झाला यावर ठरवू नये. त्या ठिकाणचा, त्या महिन्याचा उजेड फोटोत परत आला का, हे पाहावे.

‘फोटोला हात लावला की तो खोटा झाला,’ असे मानणारे बरेच आहेत आणि त्यांचा आग्रह मला मोलाचा वाटतो. या जिल्ह्यात त्या आग्रहाला इतिहासही आहे. सेवाग्रामात कनू गांधींनी कॅमेरा हाती घेतला तेव्हा गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचे नाही आणि आश्रम या कामासाठी पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा रोलीफ्लेक्स आला. पण या अटी फोटो टिपतानाच्या आहेत. निगेटिव्हवरून कागदावर छपाई करताना प्रकाश किती वेळ द्यायचा, कागद किती कडक छटांचा घ्यायचा हे कुणाला तरी ठरवावेच लागते. न ठरवता छपाई होतच नाही. आजच्या मोबाइलमध्ये तर हे ठरवण्याचे काम आपल्याला न विचारता पार पडते. बटण दाबल्यावर फोन अनेकदा एकापाठोपाठ काही चित्रे घेतो, ती एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश ओळखून निळे करतो, पानांचा हिरवा रंग चढवतो. ‘मी काहीच एडिट केले नाही’ या वाक्याचा अर्थ आता एवढाच, की संपादन फोन बनवणाऱ्या कंपनीने केले. दूरच्या शहरात बसलेल्या अभियंत्याने सर्वांसाठी म्हणून ठरवलेला हिरवा आणि आर्वीच्या संत्र्याच्या बागेतला काळपट हिरवा यांत निवड करायची, तर ती बाग पाहिलेल्या माणसाने करावी.

कपाशीच्या त्या वावराचेच उदाहरण पुढे नेऊ. काम फोटो काढतानाच सुरू होते. प्रकाश थोडा कमी करून फोटो घ्यायचा, म्हणजे कापूस जळत नाही. पांढरा भाग एकदा कमाल मर्यादेला टेकला की त्यातला तपशील कुठल्याही ॲपला परत आणता येत नाही. गडद राहिलेल्या मातीतून मात्र पुष्कळ काही वर काढता येते. सोय असेल तर फोटो रॉ स्वरूपात साठवावा. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. छटा ताणताना आकाशात पट्टे पडतात ते बहुधा या पायऱ्या अपुऱ्या पडल्यामुळे. मग संपादनात आधी हिस्टोग्राम पाहायचा. आलेखाचा उजवा काठ मोकळा असेल तर कापूस शाबूत आहे. हायलाइट्स थोडे खाली आणले की बोंडाची मऊ गोलाई आणि कडेची वाळकी टरफले दिसू लागतात. सावल्या उचलायच्या, पण पऱ्हाटीच्या बुडाशी काय आहे ते कळण्यापुरत्याच. शेवटी ब्लॅक पॉइंट खाली घ्यायचा. ही पायरी फार जण गाळतात, आणि आपल्याकडच्या फोटोत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती केली की माती पुन्हा काळी होते आणि तिच्यापुढे कापूस वेगळा उजळ न करताही पांढरा दिसतो. सॅच्युरेशनला इथे हात लावण्याचे कारणच पडत नाही.

पळसाच्या बाबतीत तर ते घातक ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झाडावर आलेला तो केशरी-लाल रंग सेन्सरचा लाल चॅनेल आधीच काठोकाठ भरतो. त्यावर सॅच्युरेशन वाढवले की पाकळ्यांमधल्या छटा मिटून एकसलग लाल डाग तयार होतो. लाल-केशरी रंगाची तीव्रता थोडी उतरवली, तर पाकळीचा बाक आणि काळसर देठ परत येतात. रंग कमी केल्याने फूल जास्त फुललेले दिसावे हे ऐकायला उलटे वाटेल, करून पाहावे.

धुके आणि धूळ काढून टाकणारा ‘डीहेझ’ हा आजचा आवडता स्लायडर. बोर धरणाच्या पाण्यापलीकडे सातपुड्याच्या फाट्याच्या टेकड्या आहेत. त्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या टेकड्या उंच नाहीत. त्यांचे अंतर आपल्याला कळते ते मधल्या हवेमुळे: जवळची रांग तपकिरी, पुढची फिकट, त्यापुढची निळसर. हवेत विखुरलेला प्रकाश दूरच्या गोष्टींवर पडदा धरतो आणि चित्राला खोली देतो. डीहेझ पुढे ढकलला की सगळ्या रांगा एकाच अंतरावर येऊन बसतात आणि आकाश जांभळट पडते. वर्धेसारख्या बऱ्याचशा सपाट मुलखात अंतराच्या खुणा आधीच थोड्या; त्यातली हीच पुसायची, म्हणजे प्रदेशाची विस्तीर्णता घालवायची. हा स्लायडर वापरायचाच तर मास्क लावून फक्त जवळच्या झाडांपुरता वापरावा. ‘क्लॅरिटी’चेही तसेच. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेनने उठावात काढलेली चित्रे आहेत. तिरप्या उजेडात ती हलकेच उठून दिसतात. क्लॅरिटी वाढवली की भिंतीचा प्रत्येक कण टोकदार होतो आणि तो उठाव त्या खरखरीत हरवतो.

यावर दुसऱ्या बाजूने आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. फोटोग्राफी ही कला आहे. कलावंताने उजेडाचा हिशेब कशाला द्यायचा? ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढे कित्येक वर्षे तो छापत राहिला. सुरुवातीच्या छपाईत आकाशात ढगांचे फिकट पट्टे आहेत, नंतरच्या छपाईत ते आकाश जवळजवळ काळे आहे. त्याआधी, १८५०च्या दशकात, फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून चित्रे केली, कारण तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या आणि आकाश कोरेच उतरत असे. मग आज एखाद्याने पवनारच्या धाम नदीवर ॲपमधले तयार गुलाबी आकाश चढवले तर काय बिघडले?

कलाकृती म्हणून काही बिघडले नाही. बिघडते ते खाली ‘पवनार, धाम नदी’ असे लिहिल्यावर. ॲडम्सने त्या संध्याकाळी समोर असलेल्या छटा गडद केल्या, दुसरीकडचा चंद्र आणून बसवला नाही. ल ग्रेने मात्र ती रेषा ओलांडली होती, आणि त्याच्याकडे तांत्रिक नाइलाजाचे कारण होते. आज ते कारण उरलेले नाही. ठिकाणाचे नाव दिले की फोटो साक्षीदार होतो. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, त्यावर झालेली टीका आजही छायाचित्रकारांच्या शिक्षणात सांगितली जाते. २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका संपादनातल्या फेरफारामुळे बाद झाल्या. आपले फोटो स्पर्धेला जाणार नसतील, पण ते उद्याचा पुरावा असतात. मे महिन्यातला पानगळ झालेला साग हिरवा करून टाकला, तर तीस वर्षांनी त्या वर्षीचा उन्हाळा कसा होता हे त्या फोटोवरून कुणालाच कळणार नाही. सप्टेंबरात पिवळे पडलेले सोयाबीन हिरवेगार केले, तर ते पीक पाहणाऱ्या शेतकऱ्याची तक्रारच खोटी ठरते.

लोकांना भडक आवडते, हा शेवटचा मुद्दा. भडक फोटोवर नजर आधी जाते, हे खरे आहे. पण डोळा भडकपणाला लवकर सरावतो. मग पुढचा फोटो आणखी भडक करावा लागतो, आणि त्या वाटेने वर्धा, केरळ आणि स्वित्झर्लंड एकाच रंगाचे होतात. विकत मिळणारे बहुतेक प्रीसेट कुठल्या तरी ओल्या, हिरव्या मुलखासाठी बेतलेले असतात. इथे वर्षातले बरेच महिने माती, गवत, कापूस, दगड यांचेच रंग असतात, आणि त्यांच्यातले बारीक फरक दाखवणे हेच इथल्या संपादनाचे खरे कसब आहे. स्नॅपसीड फोनवर फुकट मिळते, संगणकावर डार्कटेबल फुकट आहे. साधनांची अडचण नाही. संपादन झाल्यावर फोटो रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी मूळ फोटोशेजारी ठेवून पाहावा. मूळ फाइल कधीही पुसू नये. आणि फोटो पुढे पाठवताना त्याखाली गाव आणि महिना जरूर लिहावा.