दुबईच्या दवाखान्याचं बिल आणि गटाचं कर्ज

आमच्या रत्नागिरीकडे कुणाचे मालक, कुणाचा दीर, कुणाचा लेक आखाती देशात कामाला असतो. तिकडून पैसे येतात हे आपल्याला माहीत. पण तिकडच्या आजारपणासाठी इथून पैसे जातात, हे आम्हाला मागच्या वर्षी कळलं.

मासिक बैठकीत एका ताईने चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, दवाखाना. आम्हाला वाटलं सासूबाईंचा. निघाला दुबईचा! तिच्या मालकांना रात्री मूतखड्याचा त्रास उठला. सोबत्यांनी खोलीजवळच्या दवाखान्यात नेलं, उसनवारी करून रोख बिल भरलं. विमा होता हो त्यांचा. पण तो दवाखाना विम्याच्या यादीतला नव्हता, आणि ती यादी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

कर्ज आम्ही दिलं. मग मात्र सगळ्याजणी चौकशीला लागलो.

दुबईत कामगाराचा आरोग्य विमा मालक कंपनीने काढायचा असतो, आणि त्याचा हप्ता पगारातून कापायचा नसतो. १ जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान अशा बाकीच्या अमिरातींतही कंपनीला हा विमा बंधनकारक झाला आहे. दवाखान्यात तिथलं ओळखपत्र दाखवलं की विमा दिसतो. पण दवाखाना त्या विम्याच्या यादीतला हवा. शिवाय विमा म्हणजे सगळं फुकट असं नाही. दुबईच्या मूळ योजनेत दाखल व्हावं लागलं, तर बिलाचा २० टक्के वाटा आपला, पण एका वेळी ५०० दिरहमपर्यंतच. म्हणजे आमच्या ताईचे मालक यादीतल्या दवाखान्यात गेले असते, तर गटाकडे यायची वेळच आली नसती.

एक धोका फार मोठा आहे. 'आधी व्हिजिट व्हिसावर ये, मग नोकरी बघू' असं सांगून नेतात. नोकरीच नाही, तर कंपनीचा विमा कुठला? त्या दिवसांत काही झालं तर सगळं स्वतःच्या खिशातून.

आता आपल्या सरकारचा विमा. दहावी न झालेले जे कामगार आखातात जातात, त्यांच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. त्यांना जाण्यापूर्वी प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, दवाखान्यासाठी १ लाखापर्यंत. कंपनी बदलली तरी हा विमा चालू राहतो. मुदत संपली की तिकडूनच ऑनलाइन वाढवता येतो. एजंट 'सगळं केलंय' म्हणतो, पण कागद हातात देत नाही. तो मागून घ्या. वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय तेही वाचा. आमच्यातल्या दोघींच्या घरी लग्नाआधीचंच नाव राहिलं होतं!

रोख भरावंच लागलं, तर मूळ बिल, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे कागद जपून ठेवायला सांगा आणि लगेच विमा कंपनीला कळवायला सांगा. आमच्या ताईच्या मालकांनी पावत्या फेकून दिल्या होत्या.

तिचे अजून चार हप्ते बाकी आहेत. गेल्या महिन्यात मालक सुट्टीवर आले, तेव्हा तिने म्हणे बॅग उघडायच्या आधी विम्याची यादी मागितली.