पान-दीड पानाचं पत्र

जन्मनोंद मुलगी म्हणून झालेल्या एका ट्रान्स पुरुषाला छातीची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. सर्जन तयार आहे, पैशांची जुळवाजुळव झाली आहे, तरी तारीख मिळत नाही. आधी एक कागद लागतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘जीडी सर्टिफिकेट’ म्हणतात. जीडी म्हणजे जेंडर डिस्फोरिया, शरीर आणि आपली ओळख यांचा मेळ न बसल्याने होणारी खोल तगमग.

मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या लेटरहेडवरचं हे पत्र बहुधा पान-दीड पानाचंच असतं. पण त्यात केवढं मावतं! ही जाणीव कधीपासून आहे, ती टिकून आहे का, नैराश्यासारखा त्रास असेल तर त्याकडे लक्ष दिलं गेलंय का. अंडाशय किंवा वृषण काढायचे असतील, तर पुढे स्वतःच्या बीजापासून मूल होणार नाही आणि हवं असल्यास स्त्रीबीजं किंवा शुक्राणू आधी गोठवून ठेवता येतात, हे बोलणं झालंय का. आणि मग गाभ्याचं वाक्य: या व्यक्तीला परिणाम कळले आहेत, ती समजून-उमजून संमती देत आहे.

या वाक्यापर्यंत पोचायला वैद्यकाला किती वर्षं लागली! ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आज तिला ‘डब्ल्यूपॅथ’ म्हणतात) पहिली मार्गदर्शक तत्त्वं 1979 मध्ये काढली. 2011 च्या सातव्या आवृत्तीतही जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन तज्ज्ञांची दोन पत्रं लागत. योनी किंवा शिश्न घडवायचं असेल, तर आधी बारा महिने त्या ओळखीने जगून दाखवावं लागे. 2022 च्या आठव्या आवृत्तीत एक पत्र पुरेसं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तर ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली गेली. ‘तू खरंच तसा आहेस का?’ या उलटतपासणीची जागा ‘तुला हे नीट कळलंय ना?’ या प्रश्नाने घ्यायला सुरुवात केली. मला हा बदल कुठल्याही नव्या शस्त्रक्रियातंत्राइतकाच मोठा वाटतो.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या आपल्या 2019 च्या कायद्यात, कलम 15 मध्ये, सरकारने या शस्त्रक्रियांची आरोग्यपुस्तिका डब्ल्यूपॅथच्या तत्त्वांनुसार काढावी असं लिहिलं गेलं. भारतीय कायद्यात तज्ज्ञांच्या एका परदेशी संघटनेचं नाव यावं, हे विरळाच. तरी व्यवहारात अनेक सर्जन अजून दोन पत्रं मागतात.

म्हणून पत्रासाठी धावपळ करण्याआधी शस्त्रक्रिया जिथे करायची तिथेच विचारून घ्या: पत्रं किती, कोणाची, किती जुनी चालतील? आणि मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.